ट्रेमोलो ब्रिज: नवा ब्लॉक मागवण्याआधी आहे तो ब्रिज नीट बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या आणि गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका तरुण वादकाकडे स्ट्रॅटोकॅस्टर धर्तीची इलेक्ट्रिक गिटार आहे. तिला सहा स्क्रूंचा ट्रेमोलो ब्रिज आहे, म्हणजे ज्यावर तारा टेकतात आणि जो आर्म नावाच्या दांडीने हलवून स्वर वरखाली करता येतो तो धातूचा भाग. तिचा आवाज पातळ वाटतो, बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे पडद्याच्या, पुढचे स्वर लवकर विरतात आणि आर्म एकदा दाबला की गिटार सुरात राहत नाही. परदेशातून पितळी ब्लॉक (ब्रिजच्या प्लेटखालचा धातूचा ठोकळा) आणि नवा ब्रिज मागवल्यास आवाज भरदार होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की आत्ताच काही मागवू नये. ब्लॉकच्या धातूने आवाजात फरक पडतो, हे खरे आहे. परंतु तो फरक ऐकू येण्यासाठी तारेचे कंपन ब्लॉकपर्यंत आणि तिथून लाकडापर्यंत विनाअडथळा पोहोचावे लागते. आपण सांगितलेल्या दोन्ही तक्रारी, म्हणजे पातळ आवाज आणि बिघडणारा सूर, बहुतेक वेळा एकाच कारणातून निघतात. ब्रिजमध्ये धातू धातूला आणि धातू लाकडाला जिथे जिथे टेकतो, त्यांपैकी एखादी जागा सैल असते, अडकलेली असते किंवा गंजलेली असते. अशा गिटारवर महागडा ब्लॉक चढवला, तरी ती जागा तशीच राहते आणि वादक मात्र पैसे खर्च झाल्यामुळे आवाज सुधारल्याची समजूत करून घेतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकॅस्टरबरोबर आणलेला हा ब्रिज मुळात एक तरफ आहे. वरच्या प्लेटच्या पुढच्या कडेला सहा छिद्रे असतात आणि ती खालच्या बाजूने उतरती कोरलेली असतात, त्यामुळे प्रत्येक स्क्रूला प्लेटची एक धारदार कड टेकते. तारा सॅडलना, म्हणजे प्लेटवरच्या ज्या तुकड्यांवर त्या टेकतात त्यांना, नेककडे, म्हणजे गिटारच्या दांड्याकडे, ओढतात. प्लेटखालच्या ब्लॉकचे खालचे टोक मागच्या खाचेतील स्प्रिंगा नेककडे ओढतात. आणि या दोन ओढी त्या धारेभोवती एकमेकींना तोलून धरतात. नऊ ते बेचाळीसचा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांचा संच सुरात लावला की त्याचा एकूण ताण सुमारे ३८ किलो भरतो आणि दहा ते सेहेचाळीसच्या संचाचा सुमारे ४६ किलो. स्प्रिंगा मात्र धारेपासून बऱ्याच खाली बसतात, त्यांची तरफ लांब असते, म्हणून त्यांना तेवढा ताण द्यावा लागत नाही. तारांचा संच बदलला की हा सगळा तोल बदलतो, हे लक्षात न घेता जाड तारा चढवल्या जातात आणि ब्रिज मागून वर उचलला गेला की दोष ब्रिजला दिला जातो.

आता सर्वांत महत्त्वाच्या जागेकडे, म्हणजे त्या सहा स्क्रूंकडे वळू. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी बऱ्याच गिटारींचे हे सहाही स्क्रू कोणीतरी मनापासून आवळून ठेवलेले असतात. हेतू चांगला असतो, कारण स्क्रू घट्ट असले म्हणजे कंपन लाकडात जाईल असे वाटते. प्रत्यक्षात असे आवळलेले स्क्रू प्लेटला पुढच्या कडेवर दाबून धरतात, तारा तिला मागून उचलू पाहतात, आणि दोघांच्या ओढाताणीत पातळ प्लेट मध्यभागी किंचित वाकते. मागच्या पावसाळ्यात दादरच्या एका मुलाने आणलेल्या गिटारची प्लेट काढून मी तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरली, तेव्हा पट्टीखालून मधोमध उजेडाची बारीक फट दिसत होती. अशी प्लेट ब्लॉकवर सपाट बसत नाही, धारेवर नीट फिरत नाही, आणि आर्म सोडल्यावर कुठेतरी मधेच थांबते. तिच्यात सूर टिकणे आणि आवाज भरणे, दोन्ही अवघड.

स्क्रू बसवण्याची रीत फेंडर कंपनीने आपल्या मार्गदर्शनात दिलेलीच आहे आणि ती उत्तम आहे. तारा सैल करून ब्रिज बॉडीला सपाट टेकवावा. सहाही स्क्रू इतके सैल करावेत की त्यांची डोकी प्लेटच्या पृष्ठभागापासून सुमारे १.६ मिमी वर राहतील. मग फक्त दोन टोकांचे स्क्रू, त्यांची डोकी प्लेटच्या पातळीला येईपर्यंत आवळावेत. यानंतर ब्रिज त्या दोन टोकांच्या स्क्रूंवर फिरतो आणि मधले चार त्याला जागेवरून सरकू देत नाहीत. हे करताना प्रत्येक स्क्रू एकदा पूर्ण बाहेर काढून पाहावा. त्याच्या मानेवर नख फिरवले तर प्लेटच्या धारेने पाडलेली चर लागते. ती खोल असेल तर तो स्क्रू बदलावा, किंवा टोकाचा स्क्रू मधल्या चांगल्या स्क्रूशी अदलाबदल करावा. हा उपाय फुकट आहे आणि त्याने किती गिटारी सुरावर आल्या, याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

दोन खांबांच्या आधुनिक ब्रिजला हेच तत्त्व लागू आहे, फक्त एक पथ्य पाळावे: तारा पूर्ण ताणात असताना ते खांब कधीही वरखाली फिरवू नयेत. धार आणि खांब दोन्ही घासले जातात आणि पुढे त्याला इलाज उरत नाही.

यानंतर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो तांत्रिक असण्यापेक्षा वादनाच्या गरजेचा आहे. ब्रिज बॉडीपासून थोडा वर तरंगता ठेवायचा, की बॉडीवर टेकवून ठेवायचा? तरंगत्या ब्रिजने स्वर खाली तसेच वर नेता येतात आणि सुराला आर्मने हलका कंप देता येतो; ब्रिटिश गिटारवादक जेफ बेक यांच्या वादनाचा मोठा भाग या सोयीवरच उभा होता. पण त्याची किंमत अशी की एक तार बोटाने ओढली की बाकीच्या पाचही किंचित उतरतात, दोन तारा एकत्र वाजवून त्यांपैकी एक ओढली तर दुसरी बेसूर लागते, आणि कार्यक्रमात एक तार तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात. टेकवलेल्या ब्रिजमध्ये यांपैकी बहुतेक अडचणी राहत नाहीत, कारण स्प्रिंगा त्याला बॉडीवर दाबून धरतात आणि मागे जायला त्याला जागाच नसते. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी तर आपल्या स्ट्रॅटोकॅस्टरचा ट्रेमोलो लाकडी तुकडा लावून पूर्ण बंदच करून टाकला.

आपण ऑर्केस्ट्रात वाजवता. शिवाजी मंदिरात किंवा दीनानाथ नाट्यगृहात एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना निवेदकाच्या दोन वाक्यांएवढाच वेळ मिळतो, हे मला ठाऊक आहे. तिथे तार तुटली तर उरलेल्या पाच तारांवर गाणे पार पाडता आले पाहिजे. म्हणून माझी शिफारस स्पष्ट आहे: ब्रिज बॉडीवर टेकवून ठेवा, फक्त स्वर खाली नेण्यापुरता आर्म वापरा. टेकवलेल्या ब्रिजची प्लेट मागच्या बाजूने लाकडाला लागते, त्यामुळे खर्जातल्या तारांना थोडा अधिक भार येतो आणि सस्टेन, म्हणजे स्वर टिकून राहणे, ज्याला आपल्याकडचे सतारिये आस म्हणतात, किंचित वाढतो. तरंगत्या ब्रिजचा आवाज जरा मोकळा, हवेशीर असतो. हा फरक गिटार ॲम्पला न जोडता, शांत खोलीत वाजवली तर स्पष्ट कळतो. ढोलकी आणि कीबोर्डच्या गदारोळात तो प्रेक्षकाला कळेल, असा दावा मी करणार नाही.

टेकवण्यासाठी मागचे झाकण काढून क्लॉ, म्हणजे ज्या पट्टीला स्प्रिंगांची दुसरी टोके अडकवलेली असतात ती, तिच्या दोन्ही स्क्रूंनी समान आवळत न्यावी. सगळ्या तारा सुरात असताना ब्रिज नुकताच टेकतो, त्यानंतर आणखी थोडे आवळावे. चाचणी सोपी आहे. तिसरी तार तीन अर्धस्वर वर जाईपर्यंत बोटाने ओढावी आणि त्या वेळी प्लेटची मागची कड उचलली जाते का ते पाहावे. उचलली गेली तर आणखी आवळावे, न उचलली तर तिथेच थांबावे. क्लॉ उगाच फार आवळला तर आर्म जड होतो.

तरंगता ब्रिज ठेवण्याचा मोह आवरत नसेल, तर प्लेटची मागची कड बॉडीपासून सुमारे ३.२ मिमी वर ठेवावी. इथे नवख्यांचा जीव मेटाकुटीला येतो, कारण एक तार चढवली की ब्रिज उचलला जातो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात; सहावी लावून पहिलीकडे यावे, तर सहावी पुन्हा बेसूर. यावर चांगली युक्ती अशी. कडा हव्या त्या उंचीवर धरून ब्लॉक आणि खाचेची शेपटीकडची भिंत यांच्यामध्ये नेमक्या जाडीचा लाकडी तुकडा बसवावा. क्लॉ इतका सैल करावा की तारांच्या ओढीने ब्लॉक त्या तुकड्यावर दाबला जाईल. आता ब्रिज हलत नसल्यामुळे सहाही तारा निवांत सुरात लावता येतात. मग क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जावे. ज्या क्षणी तुकडा सैल होऊन निसटतो, त्या क्षणी तोल साधलेला असतो.

क्लॉला सोल्डर केलेली एक वायर असते, ती तारांना अर्थिंग देते. स्क्रू फिरवताना ती तुटली तर गिटार गुणगुणू लागते आणि लोक पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा चुंबकी भाग, बदलायला निघतात. तेवढी नजर ठेवावी.

स्प्रिंगांच्या संख्येवर फार चर्चा होते. १९५४ च्या गिटारमध्ये पाच असत, आता बहुधा तीन येतात. तोल साधण्यासाठी लागणारी एकूण ओढ ठरलेली असल्यामुळे तीन स्प्रिंगा जास्त ताणून किंवा पाच कमी ताणून तोच तोल साधता येतो. बदलतो तो ताठरपणा. स्प्रिंगा जास्त असल्या की तार ओढताना ब्रिज कमी हलतो आणि आर्म जड लागतो. टेकवलेल्या ब्रिजला आणि दहाच्या तारांना मी चार स्प्रिंगा लावतो. वाजवता वाजवता एकदम थांबल्यावर मागून स्प्रिंगांचा झणझणाट ऐकू येत असेल, तर त्यांच्याखाली फोमची पट्टी सरकवावी. काहींना मात्र तो झणझणाट आवडतो आणि तो आवडण्यात गैर काही नाही.

आता प्लेटच्या वर येऊ. ब्लॉक प्लेटला तीन स्क्रूंनी जोडलेला असतो. तारा काढल्या आहेत तोवर ते योग्य मापाच्या पेचकसाने आवळून पाहावेत. ते अर्धा फेरा फिरले, तर आपल्या पातळ आवाजाचे निम्मे कारण सापडले असे समजावे. तारेच्या टोकाला असलेली गोळी ब्लॉकच्या छिद्रात तळाशी ठाम बसते का, तेही पाहावे. स्वस्त ओतीव ब्लॉकमध्ये छिद्रांच्या आत धातूचे कंगोरे राहिलेले असतात आणि गोळी त्यांच्यावर तिरकी टेकून राहते. हाताने फिरवलेल्या ड्रिलच्या पात्याने ते साफ करता येतात.

सॅडलकडे दुर्लक्ष होते, आणि ते व्हायला नको, कारण तार प्रत्यक्ष टेकते ती सॅडलवर. प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही प्लेटवर टेकलेले हवेत. व्हिजिटिंग कार्डाची अरुंद पट्टी कापून ती त्यांच्या टोकाखालून सरकवून पाहावी. एकाखालून ती अडथळ्याविना गेली, तर ते सॅडल एका पायावर उभे आहे आणि त्या तारेची आस तिथेच गळते आहे. सॅडलचे माथे प्लेटला समांतर ठेवावेत आणि सहा तारांची कमान फिंगरबोर्डच्या गोलाईशी जुळवावी. तारेच्या टेकण्याच्या जागी खोल, पसरट चर पडली असेल तर स्वराला एक किणकिणाट चिकटतो. सतारीच्या जवारीत घोडीचा पृष्ठभाग रुंद ठेवून हाच परिणाम हौसेने साधतात. गिटारमध्ये मात्र तार एकाच बिंदूवर सुटली पाहिजे, म्हणून ती चर बारीक कानसीने किंवा पॉलिश पेपरने मागच्या बाजूला उतरती करून द्यावी.

मुंबईत या बारीक स्क्रूंचा वेगळाच जाच आहे. खारी हवा, पावसाळ्यातली दमट खोली आणि हाताचा घाम, यांमुळे ते सॅडलमध्ये गंजून बसतात. बरोबर आलेली मऊ ॲलन की घालून जोर केला की स्क्रूचे भोक गोल होते आणि मग साधे काम तासाभराचे होऊन बसते. नागदेवी भागातल्या हत्यारांच्या दुकानांत चांगल्या पोलादाच्या ॲलन की सुट्या मिळतात. अमेरिकन सॅडलना बहुधा ०.०५ इंचाची लागते आणि आशियाई बनावटीच्या सॅडलना १.५ मिमीची, आणि एकीच्या जागी दुसरी चालवून घेऊ नये. अडकलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडावा, रात्रभर तसेच ठेवावे, आणि सकाळी आधी आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवून मग सोडवावे. तेल लाकडात झिरपू देऊ नये. रोज वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने ब्रिज पुसणे आणि गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे, एवढ्याने पुढची कटकट पुष्कळ टळते.

सुराच्या तक्रारीचे निदान मात्र ब्रिजपुरते ठेवून चालणार नाही. आर्म खोल दाबून सोडावा आणि ट्यूनरवर पाहावे. सगळ्या तारा सारख्याच दिशेने हलल्या असतील, तर दोष स्क्रूंच्या धारेशी आहे, म्हणजे ब्रिज पूर्ण परत येत नाही. एखाद-दुसरीच तार चढलेली राहिली, बाकीच्या जागेवर असतील, तर ती तार नटमध्ये, म्हणजे खुंट्यांआधीच्या चरी असलेल्या पट्टीत, अडकते आहे: आर्म दाबल्यावर ती खुंटीकडे सरकली आणि परत येताना चरीतच अडली. सुरात लावताना नटपाशी 'टिंग' असा आवाज येत असेल तर शंका उरतच नाही. तारेला नटच्या चरीतून उचलून चरीत मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे. तरीही अडत असेल तर चर अरुंद आहे आणि ती नटच्या कानसीने जाणकाराकडून रुंद करून घ्यावी. खुंटीवर तारेचे दोन-तीन फेरे पुरेत, आणि नव्या तारा बोटांनी हलकेच ओढून ताणून घेतल्याशिवाय ब्रिजला दोष देऊ नये.

बाकीच्या मापांबद्दल थोडक्यात सांगतो. आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग ब्रिजचा तोल, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणे), आणि शेवटी पिकअप, हाच क्रम ठेवावा, कारण आधीचे बदलले की पुढचे बिघडते. साडेनऊ इंच त्रिज्येच्या गोलाईच्या फिंगरबोर्डला नेकचा बाक सुमारे ०.२५ मिमी आणि सतराव्या फ्रेटवर तारांची उंची सुमारे १.६ मिमी हे चांगले आरंभबिंदू आहेत. आवाज पातळ वाटत असेल तर उंची थोडी वाढवून पाहावी, कारण फ्रेटला सारखी घासणारी तार कधीच भरदार वाजत नाही. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरता असेल तर पुढे आणावे.

पिकअपची उंची लोक विसरतात आणि आस विरण्याच्या तक्रारीचे ते एक मोठे कारण आहे. स्ट्रॅट धर्तीच्या पिकअपमधले चुंबक जोरदार असतात. ते तारांच्या फार जवळ असले तर जाड तारा स्वतःकडे ओढतात, त्यांचे कंपन मोडते आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, सहाव्या तारेखाली सुमारे ३.२ मिमी आणि पहिलीखाली सुमारे २.४ मिमी अंतर ठेवून सुरुवात करावी. बाराव्या फ्रेटच्या पुढे स्वर लवकर विरतात, असे आपण लिहिले आहे, म्हणून स्क्रूंच्या खालोखाल हीच जागा मी तपासली असती.

हे सगळे केल्यावर गिटार आठवडाभर वाजवावी, शक्यतो घरच्या पंख्याखाली आणि वातानुकूलित सभागृहात, दोन्हीकडे. पोलादी तार थंडाव्याने चढते आणि रंगमंचाच्या दिव्यांखाली उतरते. तो ब्रिजचा दोष नव्हे. गिटार पिशवीतून काढून कार्यक्रमाआधी अर्धा तास विंगेत ठेवावी आणि मगच सुरात लावावी.

त्यानंतरही ब्लॉक बदलावासा वाटला, तर खुशाल बदलावा. स्वस्त गिटारींतले ओतीव जस्तमिश्र ब्लॉक अनेकदा अरुंद आणि आखूड असतात, आणि त्यांच्या जागी पूर्ण मापाचा पोलादी ब्लॉक आला की खर्ज घट्ट होतो आणि सुरुवातीचा आघात स्पष्ट होतो. पितळेचा आवाज मला जरा गोल वाटतो. आपल्या पातळ आवाजाच्या तक्रारीला मी पोलादच निवडेन, कारण फेंडर यांनी मुळात तेच वापरले आणि या गिटारचा आपल्या कानांत बसलेला आवाज त्याचाच आहे. मागवण्यापूर्वी चार मापे घ्यावीत. टोकाच्या दोन स्क्रूंमधले अंतर पाचने भागून आलेला आकडा नव्हे, तर सलग पहिल्या ते सहाव्या स्क्रूच्या केंद्रांमधले अंतर मोजावे, ते जुन्या धर्तीच्या ब्रिजमध्ये सुमारे ५६ मिमी असते आणि इतर बनावटींत कमी. प्लेटवरची ब्लॉकच्या तीन स्क्रूंची जागा पाहावी. बॉडीची जाडी मोजावी, कारण पूर्ण मापाची बॉडी सुमारे ४५ मिमी जाड असते आणि त्याहून पातळ बॉडीत लांब ब्लॉक मागच्या झाकणाबाहेर डोकावतो. आणि आर्मचे आटे तपासावेत. अमेरिकन आर्मचे आटे इंची मापाचे असतात, आशियाई गिटारींचे बहुधा ५ किंवा ६ मिमीचे, म्हणून नव्या ब्लॉकबरोबर त्याचाच आर्म मागवावा आणि जुना आर्म त्यात जबरदस्तीने फिरवून पाहू नये.